डीटीएचचं कार्ड आणि बॉक्सची जोडी : कुलूप पक्कं, सेवा कच्ची

भाद्रपदात मुंबईहून कोकणात निघालेल्या सामानात टॉवेलात गुंडाळलेला एखादा सेट-टॉप बॉक्स हमखास सापडतो. गावच्या घरावर छत्री असतेच. मुंबईचा बॉक्स नेऊन लावला की वेगळ्या रिचार्जचा खर्च वाचतो. काही जणांना मात्र अख्खा बॉक्स वागवायचा कंटाळा येतो. गावी त्याच कंपनीचा जुना बॉक्स पडून असतो, मग नुसतं कार्ड खिशात टाकलं की झालं, असा त्यांचा हिशेब. बॉक्स नेणाऱ्यांकडे आरतीनंतर मालिका लागते. कार्ड नेणाऱ्यांकडे पडद्यावर एरर येतो आणि कस्टमर केअरचा फोन लागलाच तर उत्तर मिळतं, ‘कार्ड काढून, पुसून पुन्हा घाला.’ दहा वेळा पुसलं तरी चॅनल लागत नाही, कारण बिघाड कार्डात नसतोच. ते कार्ड मुंबईच्या बॉक्सशी बांधलेलं आहे आणि गावचा बॉक्स त्याच्या ओळखीचा नाही.

या बांधणीला पेअरिंग म्हणतात. आपल्याकडच्या डीटीएच कंपन्या ही सेवा ग्राहकाला कशी देतात, त्याचं हे परीक्षण. मत आधीच सांगतो : चोरी रोखणारं कुलूप म्हणून पाचपैकी साडेचार, ग्राहकसेवा म्हणून जेमतेम अडीच. अर्धा गुण कुठे कापला आणि अडीच का दिले, ते पुढे येईलच.

आधी कुलूप. पे चॅनल उपग्रहावरून येतो तो विस्कटलेला. तो जुळवायची किल्ली कायम एक नसते, दर काही सेकंदांनी बदलते. साधारण दहा सेकंदांचा फेरा धरा. ही किल्ली चॅनलसोबतच येते, पण तीही बंद पाकिटात. ते पाकीट फोडायचं काम कार्डावरच्या सोनेरी चिपचं. तुमचा पॅक कोणता आणि तो चालू आहे का, याची नोंद कार्डात असते. नोंद जुळली की कार्ड पाकीट फोडून किल्ली बॉक्सच्या हातात देतं आणि बॉक्स चित्र जुळवतो. नोंद जुळली नाही की कार्ड गप्प बसतं.

जुन्या पद्धतीत मेख होती ती कार्ड आणि बॉक्स यांच्यामधल्या दोन बोटांच्या अंतरात. कार्ड तिथे किल्ली उघडीच द्यायचं. मधे वायर जोडून कुणी ती टिपली आणि इंटरनेटवरून दहा घरांत वाटली, तर एका रिचार्जवर दहा टीव्ही चालत. जगभर याला कार्ड शेअरिंग म्हणतात आणि सॅटेलाइट कंपन्यांचं त्यात बरंच नुकसान झालं. पेअरिंगने नेमकी हीच फट बुजवली. जोडी बांधली की कार्ड किल्ली देतं ती एकाच बॉक्सच्या चिपला उघडेल अशी पुन्हा बंद करून. मधे कुणी टिपली तरी उपयोग शून्य. तेच कार्ड दुसऱ्या बॉक्समध्ये घाला. कार्ड वाचलं जाईल, मेनूत त्याचा नंबरही दिसेल, फक्त मिळालेली किल्ली त्या बॉक्सला उघडता येणार नाही. गावच्या घरी झालं ते हेच.

ही काही कंपनीची मनमानी नव्हे. ट्राय म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाचं नियमन करणारं प्राधिकरण. त्याच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमावलीच्या तिसऱ्या अनुसूचीतच बॉक्स आणि व्ह्यूइंग कार्ड (म्हणजे आपलं हेच कार्ड) यांचं पेअरिंग हेड-एंडकडून, म्हणजे कंपनीच्या मुख्य प्रक्षेपण केंद्राकडून, झालेलं असलं पाहिजे, अशी अट आहे. चोरीत सापडलेले कार्ड आणि बॉक्सचे नंबर काळ्या यादीत टाकायची सोयही तिथेच सक्तीची आहे. सामना रंगात आलेला असताना पडद्यावर मधेच एक लांबलचक आकडा चमकून जातो ना, तो फिंगरप्रिंट. तो कार्डाच्या किंवा बॉक्सच्या नंबरावरून येतो आणि रिमोटचं कुठलंही बटण दाबून जाणार नाही, असंही नियम सांगतो. कुणी पडद्याचं चित्रण करून विकलं तर मूळ घर सापडावं, म्हणून ही तजवीज. कुलूप म्हणून रचना खरोखर चोख आहे.

आता सेवा. जोडी कशी बांधली जाते, हे माहीत असलं की निम्मे एरर घरच्या घरी समजतात. कार्डाचा नंबर आणि बॉक्सचा नंबर कंपनीच्या संगणकात तुमच्या खात्यावर एकत्र नोंदवले जातात. या यंत्रणेचं नाव सबस्क्रायबर मॅनेजमेंट सिस्टिम, आणि या धंद्यात तिला एसएमएस म्हणतात. कॉल सेंटरवाला ‘एसएमएसमध्ये अपडेट झालंय’ म्हणतो आणि ग्राहक मोबाइलवर मेसेज शोधत बसतो, हा घोळ रोजचाच. तर या एसएमएसमधून आज्ञा जाते, तिचा संदेश बनतो, तो वर उपग्रहाकडे जातो आणि तिथून अख्ख्या देशावर पडतो. लाखो बॉक्सवरून तो जातो, पण ज्या कार्डाच्या नावाने आहे तेच कार्ड तो उचलतं.

सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. डीटीएचचा रस्ता एकतर्फी आहे. वरून खाली संदेश येतो, खालून वर काहीच जात नाही. तुमच्या कार्डाने तो उचलला की नाही, हे कंपनीला कळायचा मार्ग नाही. ‘आमच्याकडून अॅक्टिव्ह दिसतंय’ हे वाक्य खरंच असतं. त्याचा अर्थ एवढाच, की आज्ञा गेली. संदेश ठराविक काळ पुन्हा पुन्हा फिरवला जातो. तेवढ्या वेळात बॉक्स स्विचवरून बंद असेल, केबल ढिली असेल, किंवा बाहेर मुसळधार पाऊस लागून सिग्नल गेला असेल, तर संदेश हुकतो. डीटीएच चालतं केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर, आणि जोराच्या पावसात हा बँड मान टाकतो. पावसाळ्यात ‘रिचार्ज करूनही चॅनल नाही’ अशा तक्रारी येतात, त्यातल्या बऱ्याच या हुकलेल्या संदेशाच्या. यावरचा उपाय म्हणजे रिफ्रेश : तोच संदेश पुन्हा मागवणं. अॅपवरून, मिस्ड कॉलने किंवा फोन करून तो मागवता येतो. काही कंपन्यांत सगळे हक्क नव्याने पाठवणारा ‘हेवी रिफ्रेश’ही असतो.

रिफ्रेश मागवताना बॉक्स चालू पाहिजे. रिमोटने झोपवलेला नको, चांगला चालू आणि सिग्नलसहित. जो चॅनल अडलाय त्यावरच ठेवा आणि अर्धा तास चॅनल बदलत बसू नका. बहुतेक वेळा काम पाच-दहा मिनिटांत होतं. अर्ध्या तासात झालं नाही तर पुन्हा रिफ्रेश मागवा. एकामागून एक सहा वेळा मागवून संदेश लवकर येत नाही.

पण रिफ्रेशच्याही आधी बिघाड कुठला, ते ओळखायला हवं. कंपन्यांची खरी ढिलाई इथे आहे. एररचे आकडे प्रत्येकीचे वेगळे, आणि त्याखालचा मजकूर बहुधा ‘कृपया संपर्क साधा’ या थाटाचा. कार्ड वाचलंच जात नाही, कार्ड वाचलं पण जोडी जुळत नाही, जोडी जुळली पण पॅकमध्ये चॅनल नाही, हे तीन वेगळे आजार आहेत. पडद्यावर ते असे साध्या मराठीत लिहिले तर निम्मे फोन वाचतील. तोवर परीक्षा अशी करा. रिमोटवरून मेनू उघडा, सेटिंग किंवा सिस्टिम माहितीत जा. तिथे बॉक्सचा नंबर आणि कार्डाचा नंबर असतो.

कार्डाच्या नंबराची जागा रिकामी असेल, तर कार्ड वाचलं जात नाहीये. दोष धुळीचा, खाचेचा किंवा कार्डाचा. आकडा दिसत असेल, पण एकही पे चॅनल लागत नसेल, तर तो हातातल्या कार्डावर छापलेल्या आकड्याशी आणि खात्यातल्या आकड्याशी ताडून बघा, बॉक्सचा नंबरही खात्यातल्या त्याच्या जोडीच्या नंबराशी ताडा. सगळे जुळले तर रिचार्ज संपलाय किंवा संदेश हुकलाय. खात्यात वेगळाच आकडा असेल तर जोडी चुकीची नोंदली गेली आहे किंवा कार्ड परक्या बॉक्समध्ये आहे, आणि मग कितीही रिफ्रेश करा, काही होणार नाही. काही पे चॅनल लागतात आणि काही नाहीत, असं असेल तर जोडी ठीक आहे, पॅक तपासा. एकही चॅनल नाही, फुकटचेसुद्धा नाहीत आणि ‘सिग्नल नाही’ असं येतंय, तर कार्डाला हातच लावू नका. छत्री, तिच्यासमोरचा सिग्नल पकडणारा एलएनबी आणि वायर बघा. सिग्नल गेल्यावर कार्ड पुसत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

न वाचल्या जाणाऱ्या कार्डाबद्दल थोडं सविस्तर. कार्ड एटीएम कार्डाच्याच मापाचं, जाडी पाऊण मिलिमीटर. सोनेरी भागावर आठ चौकोन असतात : वीज, जमीन, घड्याळ, रिसेट, माहितीची ये-जा आणि उरलेले. बॉक्समधल्या खाचेत त्यांच्यासमोर तेवढ्याच बारीक स्प्रिंगा. यातली एक जरी दबली किंवा गंजली तरी कार्ड मुकं. किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा हे काम बिनबोभाट करते, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या टीव्हीत फोडणीचा चिकट थर. बॉक्स भिंतीवरच्या स्विचवरून बंद करा. कार्ड सरळ ओढा, वाकवू नका. चौकोन सुती कापडाने कोरडे पुसा. थर जातच नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब कापडावर घ्या, कार्डावर ओतू नका. ब्लेड आणि सँडपेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा नखाएवढाही जाड नसतो. परत घालताना बाण बघा. काही बॉक्सना चिप खाली तोंड करून लागते, काहींना वर. शेवटी किंचित अडेल तिथवर आत ढकला. बरीच ‘खराब’ कार्डं दोन मिलिमीटर बाहेर राहिलेली असतात, एवढंच.

पुसल्यावरही नंबराची जागा रिकामीच राहिली, तर कार्ड गेलं की खाच गेली, हे घरी ठरवता येतं. घरात त्याच कंपनीचं, त्याच जातीचं दुसरं कनेक्शन असेल तर तिकडचं कार्ड या बॉक्समध्ये क्षणभर घाला. चॅनल लागणार नाहीत, जोडी वेगळी आहे. पण मेनूत नंबर उमटला तर खाच शाबूत आणि तुमचं कार्ड मेलेलं. नंबर उमटलाच नाही तर बॉक्स दुरुस्तीला. एवढं करून फोन केलात तर टेक्निशियन योग्य वस्तू घेऊन येतो, दोन खेपा होत नाहीत. तिकडचं कार्ड मात्र लगेच परत जागेवर घाला.

हे सांगायचं कारण म्हणजे दिवाळीची साफसफाई. हॉल आणि बेडरूम, दोन टीव्ही, दोन बॉक्स, दोन कार्डं, खातं एकच. जाळीजळमटं काढताना दोन्ही कार्डं बाहेर येतात, परत जाताना अदलाबदल होते आणि दोन्ही टीव्ही एकदमच बंद पडतात. खातं एक असलं तरी जोड्या दोन आहेत. हॉलच्या कार्डाला बेडरूमचा बॉक्स परकाच. फोनची गरज नाही, कार्डं बदलून घाला आणि पाच मिनिटं थांबा. पुढच्या वर्षीसाठी कार्डाचे शेवटचे चार आकडे बॉक्सच्या बुडाशी मार्करने लिहून ठेवा. एवढा साधा स्टिकर कंपनीने स्वतः लावून द्यायला हरकत नव्हती.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो बॉक्स बदलताना. बॉक्स बिघडला की टेक्निशियन दुसरा आणतो, पुष्कळदा दुरुस्त केलेला. कधी जुनंच कार्ड त्यात घालून जोडी नव्याने बांधतात, कधी कार्डासकट बदलतात. दोन्ही पद्धतींत आधी जुनी जोडी मोडावी लागते आणि मग नवी नोंदवायची. नंबर हाताने भरला असेल तर इथेच घात होतो : ८ चा ३ होतो, एक शून्य गळतं. टेक्निशियनच्या अॅपमध्ये स्कॅनर असेल तर त्याला स्कॅनच करायला सांगा. जोडी बांधली की नाही, याची परीक्षा फुकट चॅनलवर किंवा कंपनीच्या जाहिरातीच्या चॅनलवर करू नका, ते बऱ्याचदा जोडीविनाही दिसतात. पॅकमधला एक साधा पे चॅनल लावा, एचडी घेतलं असेल तर एक एचडी लावा. मग बॉक्स भिंतीवरून बंद करून चालू करा आणि पुन्हा बघा. जुना बॉक्स पिशवीत जाण्याआधी आणि काम झाल्याचा ओटीपी देण्याआधी हे सगळं उरका. ओटीपी दिला की तक्रार बंद होते. मग नव्याने तक्रार, नव्याने वाट.

रेकॉर्डिंगवाला बॉक्स असेल तर एक कडू गोष्ट आधीच ऐका. आतल्या हार्ड डिस्कवर साठवलेले कार्यक्रमही कुलूपबंद असतात. बॉक्स बदलला की ते गेले. डिस्क काढून नव्या बॉक्सला किंवा संगणकाला लावून काही हाती लागत नाही. टेक्निशियन हे क्वचितच आधी सांगतो.

वापरलेला बॉक्स स्वस्तात घ्यायच्या आधी तो नंबर कुणाच्या खात्यावर आहे, हे विचारा. विकणाऱ्याने खातं नावावर करून दिलं नाही तर तो बॉक्स मागच्या मालकाच्या कार्डाशीच बांधलेला राहतो आणि तुमच्या कार्डाला कंपनी तो जोडून देईलच असं नाही. एका कंपनीचं कार्ड दुसरीच्या बॉक्समध्ये चालवायचा तर विचारच सोडा. टाटा प्ले व्हिडिओगार्ड हे कुलूप वापरत आलं, डिश टीव्ही कोनॅक्स, डीटूएच इर्डेटो. शिवाय उपग्रह वेगळे. डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डीटूएच २०१८ मध्ये एकत्र आले, तरी एकाचं कार्ड दुसऱ्याच्या बॉक्सला लागत नाही. मालक एक झाला, कुलपं दोनच राहिली.

अर्धा गुण कापला तो इथे. २००१ च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांतच बॉक्स खुल्या रचनेचा असावा, एका कंपनीचा दुसरीला चालावा, अशी अपेक्षा होती. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने पुन्हा तशीच शिफारस केली. पेअरिंगचा आणि याचा तत्त्वतः विरोध नाही. मोबाइलमध्ये सिम बदलतो तसं कार्ड बदलून नवी जोडी बांधता आली असती. प्रत्यक्षात कंपनी बदलली की जुना बॉक्स भंगारात जातो.

नव्या बऱ्याच बॉक्सना कार्डाची खाचच नसते, कार्डाचं काम करणारी चिप आत बसवलेली असते. खात्यात व्ह्यूइंग कार्डाचा नंबर तरीही दिसू शकतो. मग कार्ड हरवलं असं समजून शोधाशोध करू नका, तो नंबर बॉक्सच्या स्टिकरवर सापडेल. पुसणं, उलटं घालणं, अदलाबदल हे सगळे घोळ यात संपले. हा बदल आम्हाला पसंत आहे. तोटा एकच : पूर्वी नुसतं कार्ड बदलून भागायचं, तिथे आता अख्खा बॉक्स जातो.

तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक क्रमांक, कार्डाचा नंबर आणि बॉक्सचा नंबर कागदावर लिहून मगच फोन लावा, आणि समोरच्याकडून तिन्ही परत वाचून घ्या. ‘अॅक्टिव्ह आहे’ यावर समाधान मानू नका. पेअरिंगची आज्ञा कोणत्या बॉक्स नंबरासाठी आणि किती वाजता गेली, असं नेमकं विचारा. अशा प्रत्येक आज्ञेची किमान दोन वर्षांची नोंद ठेवणं नियमाने बंधनकारक आहे, तेव्हा ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’ हे उत्तर चालणार नाही. पहिल्या पायरीवरच्या माणसाच्या पडद्यावर ते नसेल तर वरच्याकडे पाठवायला सांगा. अडीच गुण याचेच : माहिती आहे, नियम आहे, पण ग्राहकाने नेमका शब्द उच्चारल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

राहता राहिलं गणपतीचं. गावी जायचं तर बॉक्स आणि कार्ड एकत्रच न्या, कार्ड खाचेतून काढूही नका. गावच्या छत्रीचं तोंड तुमच्याच कंपनीच्या उपग्रहाकडे आहे ना, बघा : टाटा प्ले ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीटूएच ८८ वर, डिश टीव्ही ९५ वर. कोकणातून टाटाची छत्री दक्षिणेकडे जरा जास्त झुकलेली दिसते, डिश टीव्हीची पूर्वेकडे. शेजारच्यांच्या छत्रीशी ताडून पाहिलं तरी कळतं. बॉक्स कायमचा गावच्याच बॉक्सने बदलायचा असेल तर निघायच्या आठवडाभर आधी मुंबईतूनच त्या बॉक्सचा नंबर फोनवर मागवून जोडी बदलता येईल का, ते कंपनीला विचारा. फार जुना बॉक्स एमपेग-४ चा (चित्र आवळून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) नसेल तर जोडी बांधूनही चॅनल दिसणार नाहीत, हेही तेव्हाच विचारून घ्या. पिशवीत अॅडॅप्टर आणि रिमोट टाका. लाल-पांढरी-पिवळी वायरही टाका, माजघरातल्या डबा टीव्हीला एचडीएमआयचं भोक नसतं.